माणसं सांभाळून काम करून घेणं: नाशिकच्या नव्या-जुन्या टीम लीडरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले नवे सुपरवायझर, दिंडोरी-निफाडचे द्राक्ष बागायतदार, बचत गटांच्या अध्यक्ष, सोसायटीचे सेक्रेटरी. कामाच्या निमित्ताने या सगळ्यांशी माझं नेहमी बोलणं होतं. धंदे वेगळे असले तरी प्रश्न बरेचसे सारखेच असतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे देतो आहे.

नेतृत्व म्हणजे हुशारी, अनुभव आणि निर्णय घ्यायची धमक. त्यात वृत्तीला आणि माणसांशी वागण्याला एवढं महत्त्व कशाला?

माणूस नेता म्हणून कसा आहे हे मी एका गोष्टीवरून जोखतो. वाईट बातमी त्याच्यापर्यंत किती लवकर पोचते?

ऑक्टोबर छाटणीनंतरची बाग घ्या. विरळणीला आलेल्या टोळीतल्या एका बाईला पानावर तेलकट पिवळा डाग दिसतो. तिने पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आलाय. आता ती मालकाला हाक मारते, की गुमान पुढच्या वेलीकडे सरकते? आदल्या दिवशी कुणीतरी चुकून घड मोडल्याचं सांगितलं, तेव्हा मालक काय बोलला होता, त्यावर हे ठरतं. ढगाळ हवेत असे दोन दिवस हातचे गेले की रोग बागभर होतो. माल एक्स्पोर्टचा असेल तर काढणी जवळ आल्यावर काय फवारायचं यावरही फळात राहणाऱ्या औषधाच्या अवशेषांच्या मर्यादेचं बंधन असतं. बागायतदाराचं ज्ञान कितीही दांडगं असो, ते वापरण्यासाठी त्याला आधी कळायला तर हवं.

कारखान्यातही हेच. बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं पातं, झिजायला लागला की भोक तपासायच्या प्लग गेजची 'गो' बाजू, जी सहज आत जायला हवी, ती घट्ट जायला लागते. हे सगळ्यात आधी ऑपरेटरच्या हाताला कळतं. त्याने तेव्हाच सांगितलं तर इन्सर्ट बदलून काम पुढे चालतं. "सांगितलं तर माझ्यावरच येईल" असं त्याला वाटलं तर शिफ्ट संपताना आख्खा ट्रे रिजेक्ट.

रॉबर्ट कॅट्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९५५ साली व्यवस्थापकाची कौशल्यं तीन प्रकारांत मांडली: कामाचं तांत्रिक ज्ञान, माणसांबरोबर काम करण्याचं कौशल्य आणि एकूण चित्र समजून घेण्याची कुवत. पद वाढत जातं तशी तांत्रिक ज्ञानाची गरज कमी होते आणि एकूण चित्र समजण्याची वाढते. माणसांचं कौशल्य मात्र खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. ते आजही खोडून काढावं असं मला वाटत नाही.

वृत्ती म्हणजे नेमकं काय? सकारात्मक विचार करणं?

सकाळी ग्रुपवर सुविचार टाकणं म्हणजे वृत्ती नव्हे. काही बिघडलं की पहिल्या क्षणी तुमच्या मनात काय येतं, ती तुमची वृत्ती. माणूस उशिरा आला तर "कामचुकार आहे" असं आधी येतं की "काय अडलं असेल?" असं? पहिला विचार मनात पक्का झाला की पुढचं बोलणं कितीही गोड असलं तरी समोरच्याला तो जाणवतोच.

दुसरी खूण श्रेयाची. काम फत्ते झालं की "मी करून घेतलं" आणि बिघडलं की "यांनी घालवलं", असं बोलणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. त्यांच्या हाताखालचे लोक सांगितलेलं तेवढंच करतात, वर एक इंचही नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

पण स्वभावाला औषध नसतं म्हणतात. मग हे सगळं शिकता येतं का?

स्वभाव बदलायला निघूच नका. तोंडातून निघणारं पहिलं वाक्य बदला, एवढं जमण्यासारखं आहे. काही बिघडलं की बहुतेकांच्या तोंडून "कुणी केलं हे?" असं निघतं. त्याऐवजी "काय झालं, कुठून लक्षात आलं?" असं विचारायची सवय लावा. सुरुवातीला ओढूनताणून वाटेल, पण हळूहळू सवय होते. पहिल्या प्रश्नाने सगळे जण स्वतःला वाचवायच्या मागे लागतात. दुसऱ्याने लोकांचं लक्ष कामाकडे जातं.

ज्यांना हे जमलं त्यांचा स्वभाव तापटच राहिला. पण त्यांच्या टीमला तो तापटपणा फारसा भोगावा लागला नाही.

कालपर्यंत शेजारच्या मशीनवर काम करणारे मित्र आज माझं ऐकत नाहीत. सुपरवायझर झाल्यापासून टोमणे मारतात. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि विचारणारा बहुतेक वेळा दोन टोकांपैकी एका टोकाला गेलेला असतो. एक तर तो अचानक साहेबासारखा वागायला लागतो, टपरीवर बरोबर चहा प्यायचंही बंद करतो. नाहीतर "आपलाच दोस्त आहे" म्हणून मित्राची उशिराची हजेरी वेळेवर मांडतो. पहिल्या वागण्याने मित्र तुटतात. दुसऱ्याने बाकीची माणसं तुटतात, आणि ती जास्त असतात.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येक जुन्या मित्राशी एकेकट्याने बोला. साधं बोला: "पक्या, दोस्ती आहे तशीच राहील. पण हजेरी, ओव्हरटाईम आणि सुट्टी यांत मी तुला वेगळं धरणार नाही. धरलं तर बाकीच्यांना तोंड दाखवता येणार नाही मला." हे आधी सांगितलं की तो करार होतो. पहिली वेळ आल्यावर सांगितलं तर तो अपमान होतो. आणि मग खरोखर तसं वागा. ओव्हरटाईमच्या पहिल्याच यादीकडे आख्खी लाईन डोळे लावून बसलेली असते. त्यात कुणाची नावं आहेत त्यावरून तुमच्याबद्दलचं मत तयार होतं, आणि ते पुसायला वर्ष जातं.

टोमण्यांचं म्हणाल तर महिनाभर येऊ द्या. त्यांना उत्तर देत बसू नका.

जास्त मवाळ वागलं की लोक डोक्यावर बसतात. धाक नको का?

धाकाने काम होतं, हे खरं आहे. प्रश्न एवढाच की तुम्ही शॉपफ्लोअरवर नसता तेव्हा काय होतं. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत शाळकरी मुलांच्या गटांवर केलेला एक प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. काही गटांना हुकूम सोडणारा प्रमुख दिला, काहींना सगळ्यांना विचारून ठरवणारा, आणि काहींना नुसता बघत बसणारा. हुकूमशहाच्या गटातली मुलं तो समोर असेपर्यंत भरपूर काम करायची आणि तो खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. विचारून ठरवणाऱ्या गटातलं काम तो बाहेर गेला तरी चालू राहायचं.

आता तुमची थर्ड शिफ्ट आठवा. रात्री दोन वाजता तुम्ही पाथर्डी फाट्यावरच्या घरी झोपलेले असता. तिथे तुमचा धाक पोचत नाही.

मात्र मवाळपणा म्हणजे सगळं चालवून घेणं, असा अर्थ काढू नका. त्या प्रयोगातला नुसता बघत बसणारा प्रमुखही कामाचा ठरला नव्हता. आवाज खाली आणि नियम पक्का, हे दोन्ही एकत्र असू शकतात. हेल्मेट घातलं नाही तर मशीन चालू होणार नाही, हे हळू आवाजात सांगता येतं आणि तरी त्यात तडजोड नसते. मला भेटलेले सगळ्यात कडक सुपरवायझर क्वचितच ओरडायचे.

माझ्या टीममध्ये वडिलांच्या वयाची माणसं आहेत. त्यांना काम कसं सांगायचं?

"काका" किंवा "मामा" म्हणा, अहो-जाहो करा, आणि काम स्पष्ट सांगा. मान देण्याच्या नादात गोलगोल बोललं की त्यांना काम कळत नाही आणि तुमचा संकोच मात्र कळतो. त्यांना त्यांच्या अनुभवातलं काही खरोखर विचारा: "मामा, हे जुनं मशीन तुम्ही चालवलंय, गरम का होत असेल?" उत्तर मनापासून हवं असेल तरच विचारा. लोणी लावताय की विचारताय हे तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला लगेच कळतं.

त्यांची चूक सांगायची वेळ आली तर चौघांत कधीच सांगू नका. हा नियम सगळ्यांसाठी आहे, पण इथे तो मोडला तर परत जोडता येत नाही.

चूक दाखवायची तर आहे, पण माणूस दुखावला जाऊ नये. कसं बोलायचं?

थोडं दुखणारच. चूक ऐकताना कुणालाच गोड वाटत नाही, आणि ते टाळण्यासाठी बोलायचंच सोडलं तर अन्याय होतो. त्या माणसाला आपलं काय चुकतंय हे कधी कळतच नाही आणि इन्क्रिमेंटच्या वेळी एकदम धक्का बसतो.

बोलताना तीन गोष्टी सांभाळा. एकांत, ताजेपणा आणि डोळ्यांनी पाहिलेली बाब. "तू निष्काळजी आहेस" हा त्याच्या माणूसपणावर शेरा झाला, त्यावर तो भांडणारच. "काल सेकंड शिफ्टला चेकशीटवरच्या शेवटच्या चार रकान्यांत रीडिंग नव्हतं" ही घटना आहे, तिच्यावर बोलता येतं. मग गप्प राहा. हे गप्प राहणंच सगळ्यात अवघड जातं. आपण लगेच उपदेश सुरू करतो आणि तो मान खाली घालून "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहतो. त्यातून काहीच निघत नाही.

चेकशीटचंच घ्या. सुपरवायझर थांबला, तेव्हा थोड्या वेळाने ऑपरेटर म्हणाला, "साहेब, तेव्हा गेज दुसऱ्या लाईनला नेलं होतं. मागायला गेलो तर तिथला म्हणाला थांब जरा." म्हणजे गेज एकच होतं आणि लाईनी दोन. चूक कागदावर त्याच्या नावाने पडली होती, तिचं मूळ स्टोअरमध्ये होतं. असं प्रत्येक वेळी निघेल असं नाही. कधी माणूस खरोखर आळस करतो. पण ऐकल्याशिवाय हे कळणार कसं?

आणि हो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर चूक दाखवू नका. रिजेक्शनचा फोटो नावासकट ग्रुपवर टाकणं म्हणजे चौकात उभं करून बोलणं. तो स्क्रीनशॉट त्याच्या घरापर्यंत जातो.

मिटिंगमध्ये "कुणाला काही अडचण?" असं विचारलं की सगळे गप्प. बाहेर गेले की तासभर कुजबुजतात. असं का?

त्यांनी हिशोब केलेला असतो. बोलून काय मिळेल आणि बोलून काय जाईल, याचा.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर दिसलं की तिथले लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होते. बाकी ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. पुढे १९९९ साली तिने टीममधल्या या निर्धास्तपणावर शोधनिबंध लिहिला आणि आज व्यवस्थापनाच्या वर्गात तो हमखास शिकवला जातो.

म्हणून "आमच्याकडे तक्रारच येत नाही" असं कुणी छाती फुगवून सांगितलं की मला काळजी वाटते.

करायचं काय? "अडचण आहे का?" हा प्रश्न सोडा, त्याचं उत्तर नेहमी "नाही" येतं. "या आठवड्यात कुठे वेळ वाया गेला?" असं विचारा. पहिला जो बोलेल त्याचं म्हणणं वहीत लिहून घ्या, त्याच्या समोर. पुढच्या मिटिंगची सुरुवात त्याच मुद्द्याने करा: काय केलं, काय जमलं नाही, का जमलं नाही. जमलं नाही हे सांगितलेलं लोकांना चालतं. विसरलेलं चालत नाही.

राग आवरत नाही. डिस्पॅचच्या दिवशी तर डोकंच फिरतं.

जागा सोडा. पाणी प्यायला जा, गेटपर्यंत चक्कर मारा. रागात दिलेला हुकूम बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी मागे घ्यावा लागतो, आणि तोवर तो माणूस दुखावलेला असतो. डिस्पॅचचा दिवस दर महिन्याला येतो हे तुम्हाला ठाऊक आहे, मग ताण वाढण्याआधीच, सकाळी, टीमला सांगून ठेवा की आज घाई असणार आणि काय काय अडू शकतं.

मी मितभाषी आहे. मला नेता होता येईल का?

हो. बोलक्या माणसांपेक्षा तुम्हाला ऐकणं सोपं जाईल. फक्त तुमचं गप्प राहणं लोक नाराजी समजतात, म्हणून काम चांगलं झालं की तोंडाने सांगा.

आमच्या बचत गटात मी अध्यक्ष आहे. जाऊबाईच हप्ता थकवतात. घरचं नातं सांभाळू की गट?

ताई, खरं तर हा प्रश्न कुठल्याही कारखान्यातल्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. सुपरवायझर संध्याकाळी घरी जातो, तुम्हाला त्याच घरात स्वयंपाक करायचा असतो.

गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेलच: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि नोंदी पूर्ण. ती तुमच्या मदतीला आहे. हप्त्याचं बोलणं घरात काढूच नका. बैठकीत सचिव नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या नोंदी वाचून दाखवू देत, जाऊबाईंचं नावही त्याच ओघात, त्याच आवाजात. त्याआधी एकदा त्यांना एकट्याने विचारा की अडचण काय आहे. आजारपण, शाळेची फी, कांद्याचा भाव पडला, काहीही असू शकतं. कारण खरं असेल तर मुदत वाढवायचा प्रस्ताव त्यांना स्वतः बैठकीत मांडायला सांगा आणि निर्णय सगळ्या बायकांना घेऊ द्या. तुम्ही एकटीने सवलत दिली तर बाकीच्या म्हणतील घरच्यांना झुकतं माप. एकटीने दंड लावला तर घरात वर्षभर अबोला.

टोळी पेठ-सुरगाण्याची किंवा कामगार बिहार-यूपीचे असले तर वेगळं काही करावं लागतं का?

नाव नीट घ्या. "ए बिहारी", "ए मामी" अशा हाका बंद करा. पिण्याचं पाणी, सावली, बायकांसाठी आडोशाची सोय हे आधी बघा आणि मगच वेळ पाळण्याबद्दल बोला. मुकादमाच्या मार्फत सगळं बोलायची पद्धत असते, ती मोडू नका, पण दिवसातून एकदा टोळीतून स्वतः फिरा. काढणीच्या ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत म्हणून रडणाऱ्या गावातच काही बागांवर तीच टोळी वर्षानुवर्षं येते, हे कुठल्याही बागायतदाराला विचारा. पैसे वेळेवर आणि वागणूक बरी, याशिवाय त्याचं दुसरं कारण मी अजून ऐकलेलं नाही.

माझा वरचा साहेबच ओरडणारा आहे. मी एकटा चांगलं वागून काय होणार?

तुमच्या हाताखालच्या माणसांचा दिवस बरा जाईल. तेही थोडं नाही. वरून आलेला ओरडा जसाच्या तसा खाली सोडू नका. त्यातला कामाचा भाग वेगळा काढा आणि तेवढाच सांगा: "चारच्या आत दोन पॅलेट लागतील." साहेबाला मात्र अडचणी आधी आणि लेखी कळवत जा. सतत अपमान होत असेल, तब्येतीवर परिणाम होत असेल तर बदली किंवा दुसरी नोकरी शोधण्यात कमीपणा नाही.

आपल्या नाशिकच्या इतिहासातलं एखादं उदाहरण सांगाल का?

दादासाहेब गायकवाड. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षं चालला. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, आणि इथे नाशिकमध्ये सत्याग्रह चालू ठेवण्याचा मोठा भार दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव कृष्णाजी गायकवाडांवर, म्हणजे दादासाहेबांवर होता. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. अशा वेळी माणसं शांत ठेवायची, पुन्हा जमवायची, खेड्यापाड्यांतून नवी आणायची, तेही पगार नाही, पद नाही, वर समाजाचा बहिष्कार, या परिस्थितीत. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं आज छापील स्वरूपात मिळतात. दूर असलेला नेता आणि जागेवरचा कार्यकर्ता एकमेकांवर किती विश्वास टाकून काम करत होते, हे त्यांत दिसतं.

पुढे १९५९ आणि १९६४-६५ मधल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांतही दादासाहेब पुढे होते. पंचवटीत काळारामाच्या पूर्व दरवाजाशी कधी गेलात तर थोडा वेळ थांबून त्या माणसांचा विचार करा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आम्ही स्वयंसेवकांचं पथक उभं करतोय. पगार नाही, अधिकार नाही. पोरं कशी टिकवायची?

पहिल्या दिवशी दोनशे येतील, कारण उत्साह असतो. तिसऱ्या पर्वणीला किती उरतात ते तुमच्या वागण्यावर आहे.

मोठी भाषणं टाळा. प्रत्येकाला त्याची जागा, त्याचं काम आणि त्याची वेळ नेमकी सांगा. "रामकुंड परिसर सांभाळा" असं सांगून उपयोग नाही. "या खांबापासून त्या पायरीपर्यंत, म्हातारी माणसं डावीकडून पुढे सोडायची, गर्दी दाटली की याला फोन करायचा" असं सांगा. पोलीस आणि प्रशासनाच्या सूचना वेगळ्या असतील तर त्याच चालतील, हे आधीच बजावा. गर्दीत दोन वेगवेगळे हुकूम जिवावर बेततात.

पथकप्रमुखाने सगळ्यात गैरसोयीची पाळी स्वतः घ्यावी, पहाटेची. पोरांच्या खाण्यापाण्याची व्यवस्था एका माणसाकडे पक्की सोपवा आणि त्याला दुसरं काम देऊ नका. पाळी संपल्यावर बदली माणूस आला नाही तर तुम्ही स्वतः जाऊन उभे राहा. उपाशी आणि बदलीची वाट बघत ताटकळलेला स्वयंसेवक दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. कुणी भाविकावर ओरडला तर त्याला तिथल्या तिथे बाजूला घ्या, पाणी द्या, अर्धा तास बसवा. बहुतेक वेळा तो थकलेला असतो. आणि रोज रात्री पंधरा मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवून विचारा की आज गर्दी कुठे दाटली. हे उत्तर सगळ्यात अचूक त्या पोरांकडेच असेल. ते लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशीच्या जागा त्याप्रमाणे बदला.